थोरली बहीण परदेशात असते

३ फेब्रुवारी

चिमे,

'प्रिय' लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतंच चिमे.

काल दुपारी बसस्थानकात तू मला पाहिलंस. मी बाकावर बसून स्वेटरला बटण लावत होते. तू बसमधून उतरलीस, पाठोपाठ एक उंच, चष्मेवाल्या बाई उतरल्या. तुमच्या बोलण्यात लग्नाचा हॉल होता, त्यावरून कळलं की आपल्या बिट्टीचं ठरलंय आणि या तुझ्या विहीणबाई. तुझी नजर माझ्यावर आली, थबकली आणि पुढे गेली. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं बोललीस की व्हायच्या तशाच.

विहीणबाई मात्र थांबल्या. पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि तुला म्हणाल्या, "चांगल्या घरची दिसते हो. काय करून बसली असेल, कोण जाणे."

तू म्हणालीस, "चला, टॅक्सी मिळणार नाही."

बिस्किटं मी खाल्ली. चांगली होती. पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस, म्हणून मी देते. तुला सगळं ठाऊक आहे. तू ते विसरायचं ठरवलंयस, म्हणून पुन्हा लिहिते.

मी काय करून बसले? नोकरी करून बसले. नर्सिंग कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात उभी हयात घालवली. रात्रीची हजेरी, किल्ल्यांचा जुडगा, ताप आलेल्या पोरीच्या उशाशी बसणं, पाण्याचा बंब बिघडला की मिस्त्रीच्या मागे लागणं. जिन्याशेजारची खोली नोकरीबरोबरच मिळाली होती, म्हणून पगार बेताचा. सगळे म्हणायचे, तुझं बरंय, डोक्यावरचं छप्पर फुकट. तूसुद्धा म्हणायचीस. मग संस्थेने इमारत विकली. एकाच कागदाने नोकरी नेली आणि खोलीही नेली. पोरी दुसऱ्या गावी गेल्या, खाटा भंगारात गेल्या आणि मी तुझ्याकडे आले.

तुझ्याकडे मला कुणी टाकून बोललं नाही, हे मी कुणालाही सांगेन. तुझे यजमान फक्त मी झोपायच्या वेळी हॉलमध्ये टीव्ही लावून बसायचे. मग एक दिवस तू म्हणालीस, "ताई, यांच्या ऑफिसचे लोक येणार आहेत, दोन दिवस कुठे सोय होईल का?" मी सोय केली. परत आले तर माझी वळकटी माळ्यावर गेली होती आणि तिच्यासमोर जुन्या सुटकेसा रचून ठेवल्या होत्या. ती खाली काढायला मला स्टूल मागावं लागलं असतं. मी स्टूल मागितलं नाही.

नंतर लॉज, आणि साठवलेलं सगळं त्या लॉजमध्ये गेलं. खोल्या पाहिल्या. एकट्या बाईला कुणी देईना. "मिस्टर कुठे असतात?" कुठेच नसतात. "आधीचा पत्ता?" आधीच्या पत्त्यावर आता गाड्यांचं शोरूम आहे. म्हणून बसस्थानक.

आणि ऐक, मी रिकामी बसलेली नाही. स्थानकामागच्या लाँड्रीत इस्त्री करते. हॉटेलांच्या चादरी येतात. दिवसभर लोकांचे बिछाने कडक करते आणि संध्याकाळी बाक शोधते. हसायला येत असेल तर हस, मी हसते कधीकधी.

उत्तर द्यायचं असेल तर लाँड्रीच्या पत्त्यावर दे. पाकिटावर आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

चिमे,

तुझं पत्र लाँड्रीच्या शेठनी सगळ्यांसमोर दिलं. म्हणाले, "बाई, तुम्हाला पत्रं येतात?" जणू पत्र फक्त घराला येतं, माणसाला येत नाही.

त्यात तू लिहिलंयस की तुझी झोप उडाली आहे. लिहिलंयस की त्या क्षणी काही सुचलं नाही. तिथपर्यंत मी वाचत होते आणि माझं मन थोडं विरघळतही होतं. मग पुढचं पान आलं.

तर मी परदेशात असते. एका मोठ्या कुटुंबाकडे राहते, त्यांची मुलं सांभाळते, आणि रजा मिळत नसल्यामुळे लग्नाला येऊ शकत नाही. विहीणबाईंना तू हे आधीच सांगून ठेवलंयस. आता मी फक्त लग्न होईपर्यंत दुसऱ्या गावच्या लॉजवर जाऊन राहायचं. पैसेही पाठवलेस. या पत्राबरोबर ते परत येतायत.

परदेशात कुठे, ते तरी कळव. थंडी असते का तिथे? मुलं किती आहेत? त्यांना मी आवडते का? मला भाषा येते का? एवढं खोटं रचलंस तर नीट रच, उद्या दोघींचं वेगवेगळं निघायला नको.

मी गाव सोडणार नाही. माझी नोकरी इथे आहे. आणि माझी माणसंही इथे आहेत, हे वाचून तुला आश्चर्य वाटेल. माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई असते, तिला सगळे लिफ्टवाली म्हणतात. मोठ्या कापड दुकानात ती लिफ्ट चालवायची. स्टुलावर बसून, पांढरे हातमोजे घालून, "पहिला मजला, लहान मुलांचे कपडे." मग बटणं दाबायची लिफ्ट आली. घरी नवरा हात उचलायचा, पगार येत होता तोवर जरा धीराने उचलायचा. पगार थांबला तशी ती एक दिवस कामावर निघाल्यासारखी निघाली आणि परत गेली नाही. अजून कुणी गर्दीत घुसलं की ती सवयीने म्हणते, "जरा आत सरका."

लोक आमच्याकडे कसं बघतात ते तुला शिकवायला नको. पण एक गंमत सांगते. दुपारी मी त्याच बाकावर पिशवी घेऊन बसले की मी प्रवासी असते. बायका विचारतात, "ताई, कुठली गाडी?" संध्याकाळ झाली की तीच मी, तोच बाक, तीच पिशवी, आणि बायका आपल्या पर्सा दुसऱ्या खांद्यावर घेतात. परवा एक आई आपल्या लेकाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बघ, अभ्यास नाही केलास तर असं होतं."

मी म्हटलं, "बाई, मी अभ्यास केला होता. इमारत विकली गेली."

ती पोराला ओढत निघून गेली. लिफ्टवाली इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या बाईला मी घाबरवलं असं वाटत असेल तुला. घाबरवलंच. तिला वाटत होतं की आम्ही काहीतरी वाईट केलंय म्हणून इथे आहोत, आणि तिने काही वाईट केलेलं नाही म्हणून ती सुरक्षित आहे. तेवढं एक मी तिच्याकडून काढून घेतलं. तुझ्याकडूनही घेणार आहे.

ताई


११ मार्च

चिमे,

तो राँग नंबर नव्हता.

आधी काय झालं ते सांगते, कारण बिट्टीने तुला अर्धंच सांगितलं असणार.

शहरात कुणी मोठा पाहुणा यायचा होता. सकाळी झाडूवाले येऊन स्थानक धुऊन गेले. दिवे लागायच्या सुमाराला पोलिसांची गाडी आली, ती आम्हाला न्यायला. शिपाई बाकाबाकाशी जाऊन विचारत होता, "कुठली बस?" माझ्याकडे नेहमी एक स्वस्तातलं तिकीट असतं, ते दाखवलं असतं तर सुटले असते. पण त्याने विचारलं, "इथेच राहतेस काय?" ते 'तेस' माझ्या डोक्यात गेलं. मी म्हटलं, "हो, इथेच राहते. तुम्ही कुठे राहता?" लिफ्टवालीने कपाळाला हात लावला आणि माझ्या मागोमाग गाडीत चढली.

गावाबाहेर एक घर आहे, उंच भिंतीचं. त्याला निवारा म्हणतात आणि कुलूप बाहेरून घालतात. आमचे केस तपासले, पिशव्या काढून घेतल्या. मग अधीक्षकांसमोर उभं केलं. तरुण माणूस, आवाज मऊ.

"काय करता?"

"इस्त्री."

"म्हणजे भीक मागत नाही?"

"नाही."

"मग इथे कशा आलात?"

"तुमच्या गाडीतून."

ते हसले नाहीत. म्हणाले, नातेवाइकाने येऊन जबाबदारी घेतल्याशिवाय सोडता येत नाही. कुणी नसेल तर बेवारस लिहावं लागेल, आणि त्यांनी ते लिहायला घेतलंही. मी म्हटलं, "थांबा. मला बहीण आहे. सख्खी, याच शहरात." नंबर मी त्यांना तोंडपाठ सांगितला.

त्यांनी मला ऐकू येईल असा फोन लावला. तू उचललास. मागे कपबश्या वाजत होत्या, कुणीतरी हसत होतं. अधीक्षकांनी माझं नाव सांगितलं, विचारलं, या आपल्या कोण. तू म्हणालीस, "राँग नंबर."

अधीक्षकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. खोटारड्या म्हातारीकडे बघतात ना, तसं. मग 'बेवारस' हा शब्द लिहून पुरा केला.

चिमे, मी बाकावर झोपले, लोकांच्या पिशव्यांचे धक्के खाल्ले, रडले नाही. त्या खोलीत रडले. लिफ्टवाली म्हणाली, "रड. पण त्यांच्या रुमालाला नाक पुसू नकोस, माझा घे."

बिट्टी तुझ्या शेजारीच उभी होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिने तुझ्या हातून फोन घेतला आणि आतल्या खोलीत जाऊन तो नंबर परत लावला. सकाळी ती निवाऱ्याच्या दारात होती. सोबत तिचा होणारा नवरा. पोरगा बरा आहे. मला बघून त्याने आधी पिशवी कुठेय ते विचारलं आणि जाऊन ती मिळवून आणली.

कागद तयार होता. बिट्टीने सही करायची आणि मी सुटायचं. मी नाही म्हटलं.

"मावशी, हट्ट करू नकोस."

"हट्ट माझा नाही, कुलूप त्यांचं आहे. मी काय चोरलंय म्हणून जामीन हवा? आणि हिच्यासाठी कोण सही करणार?" लिफ्टवाली भिंतीला टेकून आपल्याबद्दल बोलणं चाललंच नाही अशा चेहऱ्याने उभी होती.

बिट्टी रडकुंडीला आली. तुझा जावई मात्र एवढंच म्हणाला, "मावशी, तुमच्या लाँड्रीचा पत्ता द्या."

तासाभराने शेठ आले. घामाघूम, तोंडाचा पट्टा फाटकापासूनच सुरू. "इथे माझ्याकडे चादरींचे ढीग लागलेत आणि तुम्ही माझी माणसं उचलून आणता? हॉटेलवाल्यांना काय सांगू, पाहुण्यांना गादीवर नुसतं झोपवा म्हणून?"

अधीक्षकांनी विचारलं, "या तुमच्याकडे कामाला आहेत?"

"नाही तर काय माझ्या मावशी आहेत?"

"आणि या दुसऱ्या?"

शेठनी लिफ्टवालीला आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, "दोघी."

अशा आम्ही सुटलो. काम करणाऱ्या बाईला भिकारी म्हणून डांबता येत नाही, हे अधीक्षकांना पक्कं ठाऊक होतं. फक्त ते मोठ्याने सांगणारं कुणी यावं लागलं. ज्यांच्यासाठी कुणी ओरडत आलं नाही त्या बायका अजून आत आहेत. निघताना त्या खिडकीतून बघत होत्या. मला मान वर करता आली नाही.

बिट्टीला बोलू नकोस. ती तुझ्यावर चिडलेली नाही. तिला तुझी भीती वाटायला लागली आहे, आणि ते जास्त वाईट आहे.

ताई


२६ एप्रिल

चिमे,

लग्न छान झालं. बिट्टी देखणी दिसत होती. तू माझ्याशी बोलायचं सोडलंयस असं ती सांगते, तरी हे लिहिते, कारण परवा हॉलमध्ये जे झालं ते मी मुद्दाम केलं असं तुला वाटतंय.

आधी खोलीचं. आम्हाला खोली मिळाली. शेठ म्हणाले होते, लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहा, भाडंही नको. लिफ्टवालीचे डोळे चमकले. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की नोकरी आणि छप्पर मी पुन्हा एकाच माणसाच्या मुठीत देणार नाही, मग तो माणूस देवासारखा का असेना. शेठना राग आला. यायचाच. पण एकदा पोळलेय.

बिट्टीने आपल्या ओळखीच्या घरमालकाकडे शब्द टाकला. तो शब्द मी घेतला. सुटकेसाठी सही नको म्हटलं होतं, पण भाडेकरूची शिफारस सगळेच घेतात, त्यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. घरमालकाने विचारलं, "दोघी बायका. नवरे?" लिफ्टवाली म्हणाली, "हिने केला नाही, मी केलेला टिकला नाही." त्याला हसू आलं आणि किल्ली मिळाली. तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही, म्हणून ती रोज कुरकुरते.

आता हॉलचं. मी मागच्या रांगेत बसणार होते. जावयाने हाताला धरून पुढे नेलं आणि आपल्या आईसमोर उभं केलं. मी तोंड उघडायच्या आत तू मध्ये आलीस. "ही माझी ताई. परदेशातून खास आली."

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आपण कुठे भेटलोय का?"

चिमे, त्या वेळी मला गप्प बसता आलं असतं. तुझा हात माझ्या कोपरावर होता आणि तू तो दाबत होतीस. पण मला निवाऱ्यातला तो 'बेवारस' शब्द दिसत होता. ज्या बाईला बहीण नाही तिला तो लिहितात. मी एकदा गप्प बसले की तो खरा झाला असता.

मी म्हटलं, "बसस्थानकात भेटलो. मी तिथे राहत होते. तुम्ही मला बिस्किटं दिली होतीत."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता झालं, पोरीच्या संसारात मीच माती कालवली. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. तुझ्याकडे बघत होत्या. "त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात," एवढंच म्हणाल्या. मग माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. माझ्याशी बराच वेळ बोलल्या. त्यांना माझं जगणं पूर्ण पटलं असं नाही, दोनदा विचारलं, "पण बहिणीकडे का नाही गेलात?" दोन्ही वेळा मी सांगितलं, "ते तिला विचारा."

मी तुला चारचौघांत खाली पाहायला लावलं, असं तू बिट्टीला म्हणालीस. मी फक्त आपण कोण ते सांगितलं. खाली तू पाहिलंस.

आणखी एक. काल मी जुन्या मैत्रिणींना भेटायला स्थानकात गेले होते. सगळ्या बाकांवर मधोमध लोखंडी दांडे बसवलेत, हिरवा रंग देऊन. म्हणजे बसता येईल, पण आडवं होता येणार नाही. एक गरोदर पोरगी आहे, नवीन आलेली, ती फरशीवर झोपते. त्या दांड्यांवर किती विचार झाला असेल बघ. कुणीतरी मापं घेतली, कुणीतरी रंग निवडला. हाच विचार एका खोलीसाठी केला असता तर.

ते दांडे काढेपर्यंत आम्ही दर शनिवारी स्थानकप्रमुखांच्या कचेरीसमोर बसणार आहोत. रात्री बायकांसाठी प्रतीक्षालय उघडं ठेवा, हेही मागणार आहोत. मला खोली मिळाली म्हणून मी तिथून उठले असं होत नाही.

तू ये असं म्हणत नाही. कळवलं.

ताई


१० मे

चिमे,

काल तू आलीस.

मी तुला लांबून पाहिलं होतं, तिकीट खिडकीपाशी. बराच वेळ वेळापत्रक वाचत होतीस. एवढ्या गाड्या कुठे जातात ते तुला पाठ झालं असेल. मी हाक मारली नाही. लिफ्टवाली म्हणाली, "ती तुझी बहीण ना? नाक तुझंच आहे." मी म्हटलं, "असेल."

आम्ही सगळ्या मिळून मूठभर. लाँड्रीतल्या दोघी, ती गरोदर पोरगी, वसतिगृहातली माझी एक जुनी मुलगी, जी आता मोठी नर्स झाली आहे. स्थानकप्रमुख बाहेर येऊन नेहमीचं बोलले. बाक प्रवाशांसाठी आहेत, स्थानक म्हणजे धर्मशाळा नाही, तुमच्यासारख्यांमुळे चांगल्या घरच्या बायकांना इथे बसवत नाही. मी म्हटलं, "आम्ही सगळ्या चांगल्याच घरच्या आहोत साहेब. घरं तेवढी राहिली नाहीत."

तेव्हा तू आलीस. पर्स पोटाशी धरून, लोकांच्या मधून वाट काढत. आणि बसलीस. त्या कडक कपड्यांत, खाली फरशीवर, माझ्या नि लिफ्टवालीच्या मधे. ती सवयीने म्हणाली, "जरा आत सरका," आणि तू सरकलीस.

रखवालदाराला ते बघवेना. त्याने वाकून अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही यांच्यातल्या आहात?"

मी तुझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तू माझ्यासाठी बोललीस असं झालं असतं. तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या की नाही, ते मला माहीत नाही. मी समोरचा पंखा बघत होते.

तू म्हणालीस, "मी हिची धाकटी बहीण." हळू बोललीस, म्हणून त्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मग तू इतक्या मोठ्याने सांगितलंस की खिडकीतला तिकीटवालासुद्धा मान वर करून बघायला लागला.

जाताना तू म्हणालीस, "ताई, घरी चल." पाहुणी म्हणून येईन. राहायला नाही, मला घर आहे. आणि एका वाक्यावर मी सगळं विसरले असंही समजू नकोस. राँग नंबर माझ्या कानात अजून आहे, तो जाईल तेव्हा जाईल. पण काल रात्री मला लवकर झोप लागली, हे तुला कळायला हरकत नाही.

स्थानकप्रमुखांनी फक्त एका बाकाचे दांडे काढलेत. तो त्या पोरीला दिला. बाकीचे जागच्या जागी आहेत, म्हणून येत्या शनिवारी पुन्हा बसतोय. तुझी जागा धरून ठेवते. उशिरा आलीस तर मात्र उभी राहा.

ताई